औंध संस्थान

ब्रिटिश अमदानीतील दक्षिण महाराष्ट्रातील एक छोटे संस्थान. क्षेत्रफळ 501 चौ. मैल (सुमारे 1,298 चौ. किमी.), लोकसंख्या 63,921 (1901), 1941 मध्ये सुमारे 88 हजार. राजधानी औंध (सध्या खटाव तालुका, जि. सातारा). सत्ताधीश घराणे पंत प्रतिनिधी, मूळ किन्हई येथील देशस्थ ब्राह्मण कुलकर्णी. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

संस्थानचा नकाशा सलग नव्हता. औंध, कुंडल व आटपाडी हे तीन तालुके सातारा-सांगली भागात एकमेकांपासून तुटक पसरलेले होते. चौथा गुणदाळ पार विजापूरकडे, कानडी मुलखात. खेडी सारी मिळून 72. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचे तर मधे इंग्रजी खालसा मुलूख नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी जहागीर आडवी येई. संस्थानच्या कारभाराची आणि अर्थकारणाची बरीच कोडी या तुटकपणापाशीच सुटतात.

स्थापना : संस्थान नेमके केव्हापासून मोजायचे, यावर एकमत नाही. ‘प्रतिनिधी’ हे पद छत्रपती राजाराम यांनी जिंजीच्या मुक्कामी, बहुधा 1690 च्या सुमारास, प्रल्हाद निराजी यांच्यासाठी निर्माण केले. अष्टप्रधानांच्याही वरचे असे हे पद होते. राजा जिंजीत अडकलेला असताना त्याच्या नावाने निर्णय घेणारा कोणी तरी हवा, ही त्यामागची गरज. प्रल्हाद निराजींचा औंधच्या घराण्याशी संबंध नाही. ते पद परशुराम त्रिंबक यांच्याकडे कधी आले, हा वादाचा मुद्दा. एक मत 1698 च्या आसपासचे आहे. दुसऱ्या मताप्रमाणे मधल्या काळात तिमाजी रघुनाथ हणमंते यांच्याकडे प्रतिनिधिपद होते आणि राजाराम यांच्या मृत्यूनंतर (मार्च 1700) ताराबाईंच्या कारभारात ते परशुरामपंतांना मिळाले. घराण्याच्या परंपरेला अर्थातच अलीकडची नव्हे, पलीकडची तारीख आवडते. पण घटनाक्रम पाहता दुसरे मत अधिक जुळते. 1701-02 मध्ये औरंगजेबाने विशाळगडाला वेढा घातला, तेव्हा गड परशुरामपंत लढवत होते, आणि ताराबाईंच्या पक्षातील त्यांचे वजन याच काळात वाढलेले दिसते.

शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर ताराबाईंचा हा मुत्सद्दी प्रथम कैदेत पडला. पद प्रल्हाद निराजींच्या मुलांकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. सुमारे 1713 पासून मात्र ते परशुरामपंतांकडे स्थिरावले. 1718 मध्ये ते वारले. त्यांचा एक मुलगा कृष्णाजी कोल्हापूरकरांच्या बाजूला राहिला. विशाळगडचे प्रतिनिधी घराणे ते हेच. दोन्ही छत्रपतींच्या गाद्यांशी एकाच घराण्याच्या दोन पात्या बांधलेल्या असणे, याला दुर्दैव म्हणावे की धोरण, हे ज्याने त्याने ठरवावे.

तरीही 1700 काय किंवा 1713 काय, या तारखा पदाच्या आहेत, संस्थानच्या नव्हेत. प्रतिनिधी हा छत्रपतींचा नोकर होता आणि त्याला मिळालेली गावे सरंजाम, म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात नेमून दिलेले उत्पन्न होती. पदाला चिकटलेला सरंजाम पदाचे महत्त्व संपल्यावरही उरला आणि त्यालाच पुढे राज्य म्हणू लागले. हा बदल कायदेशीररीत्या 1820 च्या तहाने झाला. म्हणून 1820 हीच संस्थानची तारीख धरणे सयुक्तिक ठरते.

पेशवाईतील वाटचाल : परशुरामपंतांचा मुलगा श्रीपतराव (कारकीर्द 1718–46) हा शाहूच्या दरबारात बाजीरावाच्या उत्तरेकडील चढाईच्या धोरणाला विरोध करणारा प्रमुख. दक्षिण आणि कोकण आधी सावरावे, हे त्याचे म्हणणे पुढच्या इतिहासकारांनी फारसे मनावर घेतले नाही. 1733 च्या जंजिरा मोहिमेत रायगड सिद्दीकडून परत आला, तो प्रतिनिधींच्या माणसांच्या हाती. पेशव्याला ही गोष्ट रुचली नाही आणि मोहीम दोघांच्या चढाओढीत रेंगाळली. संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर (1735) श्रीपतरावाचे. शाहूच्या मृत्यूनंतर प्रतिनिधींचा मुतालिक (त्यांच्या वतीने कारभार पाहणारा) यमाजी शिवदेव याने सांगोल्याला उठाव केला. सदाशिवरावभाऊंनी 1750 मध्ये तो मोडला. त्यानंतर प्रतिनिधिपद नावाला उरले.

उत्तर पेशवाईतील परशुराम श्रीनिवास (1777–1848) यांची हकीकत लोकांना जास्त ठाऊक आहे, कारण तीत ताई तेलीण आहे. मसूर येथे नजरकैदेत असलेल्या पंतांना तिने सोडवले. नंतर वसंतगडाजवळच्या लढाईत बापू गोखल्यांनी पंतांना पकडले. त्यात पंतांचा हात गेला, म्हणून ‘थोटे पंत’. ताई तेलिणीने वासोटा किल्ला काही महिने, बहुधा आठ, झुंजवला (1806-07). तिच्यावरची तुटक लोककवने अजून ऐकू येतात; कागदपत्रे तिच्याबद्दल फारच कमी बोलतात.

1820 च्या तहाने पंत प्रतिनिधी सातारच्या छत्रपतींचे जहागीरदार ठरले, आणि त्या जहागिरीला कंपनीची हमी मिळाली. भोर, फलटण, जत, अक्कलकोट यांचीही तीच तऱ्हा. ‘सातारा जहागिरी’ हे त्यांचे सरकारी नाव. सातारचे राज्य खालसा झाल्यावर (1848-49) हे सारे थेट इंग्रजांच्या छत्राखाली आले. श्रीनिवासराव (1848–1901) यांच्या दीर्घ कारकीर्दीबद्दल सांगण्यासारखे थोडे. त्यांच्यानंतरचे दोघे अल्पकाळ टिकले. 1909 मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब (1868–1951) गादीवर आले.

जमीन व पिके : औंध व आटपाडी ही पर्जन्यछायेतील गावे. माणदेशात पाऊस येतो तो बहुतेक परतीचा. तोही चुकला की विहिरीला तळ लागतो. ज्वारी, बाजरी, हरभरा, मटकी ही पिके. आटपाडी महाल हे नाव संस्थानच्या बाहेर जनावरांच्या बाजारात अधिक चाले : खिलार जातीच्या एका प्रकारालाच ‘आटपाडी महाल’ म्हणतात. पांढराशुभ्र रंग, मागे वळलेली लांब शिंगे, चालीला चपळ. धनगरांच्या मेंढ्या आणि घोंगड्या हा त्या भागाचा दुसरा रोकड आधार. कुंडलचा भाग कृष्णाखोऱ्याला लागून, त्यामुळे जमीन बरी. पण कुंडलला नशिबाने खरे दिले ते पाणी नव्हे, रेल्वे. पुणे-मिरज लोहमार्ग या तालुक्यातून गेला. राजधानी औंध मात्र रुळांपासून दूर राहिली. तिला रहिमतपूर स्टेशन आणि तिथून पुढे बैलगाडी.

उद्योग : म्हणून कारखाने राजधानीत न येता रुळांकडेला आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि कर्जही दिले (1910). निवडुंग आणि साप यांनी भरलेला हा माळ साफ करून किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर हे तिथले पहिले नामांकित उत्पादन. लोखंडाने जमीन ‘विषारी’ होते अशी शेतकऱ्याची समजूत होती, त्यामुळे आरंभी नांगर खपेनात. मग चरक, मोटेला पर्याय म्हणून पंप आले. स्टेशनचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले. तेथूनच 1920 पासून निघालेले ‘किर्लोस्कर’ आणि 1930 पासूनचे ‘स्त्री’ ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घरोघर गेली. संस्थानच्या महसुलाच्या मानाने हा परिणाम केवढा तरी मोठा.

कऱ्हाड स्टेशनाजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये काचकारखाना काढला. वस्तीला ओगलेवाडी म्हणू लागले. ‘प्रभाकर’ कंदील इथला. खेड्यातल्या चावडीत, गोठ्यात, कीर्तनात एके काळी हाच असे, आणि चिमणी तडकली तर तीही ओगल्यांचीच आणावी लागे. दोन्ही ठिकाणी संस्थानने दिले ते जमीन, थोडी रक्कम आणि मुख्यतः मोकळीक. स्वदेशीच्या काळात इंग्रजी मुलखातल्या उद्योजकाला ही मोकळीक सहजी मिळत नव्हती.

बाळासाहेब : चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचा कट्टर प्रचारक. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. मुलांना ते कितपत आवडत हा प्रश्न वेगळा. भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पाला त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे स्वतः चित्रकार. त्यांचे स्वाध्याय मंडळ 1918 पासून तीस वर्षे औंधात वेदविषयक ग्रंथ छापत होते. ग्वाल्हेर परंपरेतील अंतूबुवा जोशी दरबारात होते, आणि 1940 मध्ये सुरू झालेला संगीत महोत्सव औंधात आजही भरतो. मूळपीठ डोंगराच्या अंगावरील श्री भवानी संग्रहालय (1938) येथे रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांच्या जोडीला हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे दगडी शिल्प आहे. यमाईला आलेला यात्रेकरू ते शिल्प बघतो आणि पुढे सरकतो.

स्वराज्याची घटना : 1938 अखेर बाळासाहेबांनी सत्ता प्रजेकडे देण्याचे जाहीर केले. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन (भारतानंद) यांनी गांधीजींच्या सल्ल्याने मसुदा केला. जानेवारी 1939 मध्ये तो अमलात आला. रचना खालून वर अशी : गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समिती, तालुक्यांतून विधिमंडळ. मतदार साक्षर असावा, हा गांधीजींचा आग्रह. त्यामुळे प्रौढ साक्षरतेचे वर्ग जोरात चालले. तुटक तालुक्यांना हे विकेंद्रीकरण सोयीचेच होते, कारण औंधाहून गुणदाळ चालवणे तसेही अवघड होते. या प्रयोगाला कोणी रामराज्य म्हटले, कोणी राजाच्या मर्जीवर टिकलेली लोकशाही. दुसऱ्या मतात तथ्य आहे, परंतु पंचायतींनी न्यायनिवाडा, शाळा, रस्ते ही कामे प्रत्यक्ष हाताळली, ही गोष्ट त्या मताने खोडली जात नाही. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत (1939) याच काळातली; कुंपणाशिवाय, शेती करून राहण्याची शिक्षा.

बेचाळीसनंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक मुख्य ठाणे बनले. जी. डी. बापू लाड तिथलेच. इंग्रज पोलिसांना संस्थानच्या हद्दीत शिरताना अडचण येई, आणि भूमिगतांना हद्दीचा हा फायदा ठाऊक होता. माडगूळकर बंधूंचे माडगुळे आटपाडी तालुक्यातले, ग. दि. माडगूळकरांचे शिक्षण औंध-कुंडल भागातच झाले.

विलीनीकरण : 1947 मध्ये दक्षिणी संस्थानांच्या संघात औंध सामील झाले, पण तो संघ काही महिनेच टिकला. विलीनीकरणानंतर तालुके आपापल्या शेजाऱ्यांत मिसळले. औंध सातारा जिल्ह्यात राहिले. कुंडल व आटपाडी 1 ऑगस्ट 1949 रोजी झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले. 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. कुंडल व किर्लोस्करवाडी सध्या पलूस तालुक्यात आहेत. गुणदाळ विजापूर जिल्ह्याबरोबर 1956 मध्ये म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले.