कातडी विरघळते, बुरशी उरते

जुलै उजाडला की मुंबईतल्या त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागांबाहेरच्या रांगा लांबतात. दिवसभर ओल्या बुटांत राहिलेले पाय, लोकलच्या गर्दीत घामाने अंगाला चिकटलेले कपडे आणि घरातल्या दोरीवर दोन-दोन दिवस लटकूनही पुरती न वाळलेली आतली वस्त्रे, या सगळ्यांच्या कृपेने जांघेत, काखेत आणि कमरेच्या घडीत गजकर्ण उमटते. डॉक्टर चट्ट्याच्या मध्यावरून नव्हे, तर त्याच्या लालसर, उंचवट्यासारख्या कडेवरून पात्याने थोडा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, कारण वाढती बुरशी कडेला असते. मधला भाग ती मागे टाकून पुढे सरकलेली असते. त्या कोंड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत केओएचच्या, दहा टक्के द्रावणाचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे.

सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा पाहिले तर नुसता धुरकट पसारा दिसतो. प्रकाश थोडा कमी केला की त्वचेच्या पेशी भिजवलेल्या पोह्यांसारख्या फुगून पारदर्शक झालेल्या दिसतात आणि त्यांच्या सीमांना न जुमानता आरपार गेलेले, फांद्या फुटलेले, जागोजागी आडवे पडदे असलेले, किंचित हिरवट चकाकीचे धागे नजरेत भरतात. तीच बुरशी. अल्कलीने कातडीतल्या केराटिन या चिवट प्रथिनाचे आणि दोन पेशींना सांधणाऱ्या द्रव्याचे पाणी केले. बुरशीच्या बाह्य आवरणातील काही प्रथिनेही त्यात निघून गेली असतील. पण तिच्या पेशीभित्तिकेचा सांगाडा जागचा हलला नाही. इतकी साधी आणि स्वस्त तपासणी ज्या एका गोष्टीवर उभी आहे, ती गोष्ट म्हणजे ही भित्तिका.

आपल्या पेशींना अशी भित्तिका नसते. त्यांच्याभोवती केवळ नाजूक पेशीपटल असते, आणि म्हणूनच तांबड्या रक्तपेशी साध्या शुद्ध पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून त्या फुटतात. बुरशीचे आयुष्य मात्र माती, पाणी, कुजका पाला, घामेजलेली कातडी अशा कुठल्याही ठिकाणी जाते. तिच्या पेशीतील द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे पाणी सतत आत घुसू पाहते आणि आतून दाब निर्माण होतो. भित्तिका तो दाब पेलते, इतकेच नव्हे, तर त्याचा शस्त्रासारखा वापरही करू देते. भातावर करपा पाडणारी बुरशी हे याचे टोकाचे उदाहरण आहे. पानावर उतरल्यावर ती घुमटाच्या आकाराची एक पेशी तयार करते, त्या पेशीच्या भित्तिकेत मेलॅनिनचा थर घालते आणि आतील दाब सुमारे ८० वातावरणांपर्यंत, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या तिसाहून अधिक पट वाढवून पानाचा पृष्ठभाग अक्षरशः भोसकते. ट्रायसायक्लाझोल हे करप्यावरचे औषध बुरशीला थेट मारत नाही. ते फक्त हे मेलॅनिन तयार होऊ देत नाही. अस्तर नसलेल्या घुमटाला तेवढा दाब साठवता येत नाही आणि बुरशी पानाच्या उंबऱ्यावरच अडते.

भित्तिकेची घडण समजून घ्यायला कोकणातल्या कुडाच्या भिंतीची आठवण उपयोगी पडते. पेशीपटलाला लागून, सर्वांत आत, कायटिनच्या ताठ कामट्या असतात. कायटिन म्हणजे ज्यापासून कोळंबीचे आणि चिंबोरीचे कवच बनते तेच द्रव्य. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या पायांशी त्याचे ढीग पडलेले असतात. गंमत अशी की ते प्रथम सापडले ते कोळंबीत नव्हे, तर अळंबीत. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११मध्ये ते अळंबीतून वेगळे केले आणि कायटिन हे नाव त्याला पुढे कीटकांच्या अभ्यासातून १८२३मध्ये मिळाले. कामट्यांभोवती विणलेली जाळी बीटा-ग्लुकॅनची असते. ही ग्लुकोजच्या साखळ्यांची, स्प्रिंगसारख्या वळणांची जाळी बहुतेक रोगकारक बुरशींच्या भित्तिकेचा निम्मा किंवा त्याहून अधिक भार उचलते. सर्वांत बाहेर मॅनोज शर्करेच्या लांब शाखा लगडलेल्या प्रथिनांचा गिलावा असतो. प्रमाणे मात्र जातीनुसार बदलतात: तोंडात आणि योनिमार्गात पांढरा थर आणणाऱ्या कॅन्डिडा अल्बिकन्सच्या गोल पेशींत कायटिन जेमतेम १ ते ३ टक्के असते, तर धाग्यांच्या रूपात वाढणाऱ्या कित्येक बुरशींत ते १० टक्क्यांच्याही वर जाते.

कुडाची उपमा इथेच सोडून द्यायला हवी. शाळेच्या पुस्तकातील 'भित्तिका' हा शब्द मला नेहमीच थोडा खटकत आला आहे, कारण त्यातून मनात उभी राहते ती एकदा बांधून झालेली, निर्जीव भिंत. प्रत्यक्षात बुरशीचा धागा टोकाकडे वाढतो आणि वाढण्यासाठी त्याला आपलीच भिंत टोकाशी सतत मऊ करावी लागते, उसवावी लागते आणि त्याच क्षणी नव्याने विणावीही लागते. विणकाम करणारी विकरे पेशीपटलात बसलेली असतात. आतून कच्चा माल घेऊन ती तयार साखळी बाहेर ढकलतात. तापमान बदलले, औषध आले, यजमानाच्या शरीरात शिरकाव झाला की विणीचा नमुनाही बदलतो. ती भिंत कमी आणि अंगावरचा, सतत रफू होणारा कपडा अधिक आहे.

रोगाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या कपड्याचे सूतच बुरशीची चुगली करते. बीटा-ग्लुकॅन मानवी शरीर कधीच बनवत नाही. त्यामुळे ते दिसले म्हणजे परका आला, असा सरळ निष्कर्ष आपल्या प्रतिकारयंत्रणेला काढता येतो. तो काढणारे डेक्टिन-१ नावाचे ग्राहक प्रथिन आपल्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर असते आणि ते ग्लुकॅन ओळखते, हे २००१मध्ये स्पष्ट झाले. ग्लुकॅनला स्पर्श होताच डेक्टिन-१ आत निरोप धाडते, भक्षक पेशी बुरशीला गिळते आणि इतर पेशींना बोलावणे जाते. या निरोपाच्या वाटेवर कार्ड-९ नावाचे एक प्रथिन लागते. ते जन्मतःच सदोष असलेल्या मोजक्या लोकांत कॅन्डिडा मेंदूपर्यंत पोहोचू शकते आणि एरवी कातडीच्या वरच्या मृत थरात समाधान मानणारी गजकर्णाची बुरशीही खोलवर, लसिकाग्रंथींपर्यंत उतरते. कातडीवरचा एक क्षुल्लक वाटणारा चट्टा क्षुल्लक राहतो, तो या पहाऱ्यामुळे.

मग बुरशीने काय करावे? ग्लुकॅन टाकून देता येत नाही, कारण त्यावर तिचा जीव तगून आहे. उरतो तो एकच मार्ग, झाकण्याचा. आणि यशस्वी रोगकारक बुरशी पाहिल्या तर बहुतेक प्रत्येकीने झाकण्याची आपापली तऱ्हा शोधलेली दिसते. कॅन्डिडा मॅननचा, म्हणजे मॅनोजच्या त्या शाखांचा, गिलावा दाट ठेवते. तिच्या गोल पेशीला फुटलेली कळी सुटून वेगळी होते तेव्हा तिथे व्रण राहतो आणि त्या व्रणातून ग्लुकॅन डोकावते. पण तीच कॅन्डिडा धाग्याच्या रूपात वाढू लागली की पेशी सुट्या होत नाहीत, व्रण पडत नाहीत आणि ती फटही बुजते. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी ग्लुकॅनवर वेगळ्याच जोडणीच्या, अल्फा-ग्लुकॅनच्या, साखळ्यांची चादर ओढते. ही चादर डेक्टिनला ओळखता येत नाही.

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीची कथा आपल्या रोजच्या श्वासाशी जोडलेली आहे. तिचे दोन-तीन मायक्रोमीटरचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगतात आणि आपण ते दररोज मोठ्या संख्येने हुंगतो. फुप्फुस यावर खवळून उठत नाही, याचे एक कारण म्हणजे बीजाणूवर असलेला, पाणी न धरणाऱ्या प्रथिनाचा रेनकोट. हा कोट काढून टाकलेले बीजाणू प्रतिकारयंत्रणेला लगेच चिथावतात आणि कोट असलेले बीजाणू गप्प राहतात, हे २००९मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. पण ओलाव्यात आणि उबेत बीजाणू फुगून रुजू लागला की हा कोट फाटतो, आतील ग्लुकॅन उघडे पडते आणि निरोगी शरीरात त्याच घटकेला भक्षक पेशी त्याचा निकाल लावतात. ज्यांच्या पांढऱ्या पेशी केमोथेरपीने अगदी कमी झाल्या आहेत, अशा रुग्णाच्या फुप्फुसात मात्र कोट फाटलेला दिसतो, पण धरायला कोणी नसते.

२०२५मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि मुंबईत बरेच रण माजले. त्या वादात आरोग्याचा मुद्दा पुष्कळदा मांडला गेला, पण त्यातील एका खऱ्या पात्राचे नाव मला फारसे ऐकू आले नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही बुरशी सुखाने नांदते. बहुतेक निरोगी माणसांना ती श्वासातून गेली तरी काही होत नाही. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात मात्र ती मेंदूच्या आवरणांपर्यंत जाऊन जीवघेणा दाह निर्माण करते. तिने झाकण्याची कला कळसाला नेली आहे: भित्तिकेच्याही बाहेर ती बुळबुळीत शर्करेचे जाड कवच चढवते, जे कधीकधी खुद्द पेशीपेक्षाही मोठे होते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाच्या थेंबात काळी इंडिया इंक मिसळली की शाईचे कण त्या कवचात शिरू शकत नाहीत आणि काळ्याभोर पार्श्वभूमीवर तेजोवलय असलेले गोल उमटतात. जे झाकण्यासाठी घातले, त्यानेच ती उठून दिसते.

हाच न्याय इतर तपासण्यांनाही लागू आहे. रक्तात तरंगणारे ग्लुकॅनचे तुकडे मोजून खोलवरचा बुरशीसंसर्ग ओळखता येतो. पण २०२१मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, म्युकरमायकोसिसचे रुग्ण येऊ लागले तेव्हा ही तपासणी कामाची नव्हती, कारण म्युकर कुळातील बुरशींच्या भित्तिकेत हे ग्लुकॅन नगण्य असते; त्यांची बांधणी कायटिन आणि त्याचाच भाऊबंद कायटोसान यांवर असते. वर्तमानपत्रांनी तिला 'काळी बुरशी' म्हटले, तेही चुकीचेच होते. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या तुंबवते आणि रक्त न मिळाल्याने मेलेला ऊतक काळा पडतो.

औषधांचा मुद्दाही इथेच येऊन मिळतो. म्युकरसाठी त्या काळात अ‍ॅम्फोटेरिसिनची धावाधाव झाली, कारण भित्तिकेवर काम करणारी औषधे तिथे निरुपयोगी होती. अ‍ॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्याला धरते. आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉल त्याच्या नात्यातलेच असल्याने औषधाचा मार आपल्यालाही, विशेषतः मूत्रपिंडांना, बसतो. याउलट एकायनोकॅन्डिन गटातील औषधे ग्लुकॅन विणणारे विकर बंद पाडतात आणि असे विकर माणसात नसल्यामुळे ती बरीच सौम्य ठरतात. या गटातील पहिले, कॅस्पोफंजिन, अमेरिकेत २००१मध्ये मान्य झाले. तेही पेनिसिलिनप्रमाणेच एका बुरशीच्या द्रव्यापासून घडवलेले आहे. पेनिसिलिन जीवाणूची भित्तिका खिळखिळी करते, हे बुरशीची. शिवाय वीण विस्कटल्यामुळे आत लपलेले ग्लुकॅन उघडे पडते आणि भक्षक पेशींनाही मदत होते.

बुरशी स्वस्थ बसत नाही. ग्लुकॅन कमी पडू लागले की ती कायटिनचे उत्पादन वाढवून भोके बुजवते. २००९मध्ये टोकियोतील एका रुग्णाच्या कानातील नमुन्यावरून प्रथम वर्णन झालेली कॅन्डिडा ऑरिस आज भारतातील अतिदक्षता विभागांची डोकेदुखी झाली आहे, आणि तिच्या काही वाणांत विणकामाच्या त्या विकरातच असा सूक्ष्म बदल झालेला आढळतो की औषधाची त्यावरील पकड सुटते.

गजकर्णाच्या रुग्णाला यातले काहीच मिळत नाही. एकायनोकॅन्डिनचे रेणू मोठे असतात, ते पोटातून नीट शोषले जात नाहीत आणि शिरेतूनच द्यावे लागतात. जांघेतल्या चट्ट्यासाठी कोणी सलाईन लावत नाही. तिथे टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोल ही अर्गोस्टेरॉल बनू न देणारी औषधेच वापरली जातात. त्यांतील टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी भारतात इतकी पसरली की २०२०मध्ये तिला दिलेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या नावातच देशाचे नाव शिरले. त्यात मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टिरॉइडची मलमे भर घालतात. खाज थांबते, लाली मावळते आणि रुग्ण समजतो की बरे वाटले. प्रत्यक्षात फक्त पहारेकऱ्यांना झोपवलेले असते, आणि अशा कातडीच्या काचपट्टीवर धाग्यांचे जाळे अनेकदा नेहमीपेक्षा दाट सापडते.

धागे विरळ असतील तर काही प्रयोगशाळा केओएचमध्ये कॅल्कोफ्लुअर व्हाइट मिसळतात. हे मुळात कापड आणि कागद शुभ्र दिसावेत म्हणून वापरले गेलेले रसायन. ते कायटिनला चिकटते आणि अतिनील प्रकाशात बुरशी निळसर पांढरी झळकते. अडचण एवढीच की ते कापसाच्या सेल्युलोजलाही तितक्याच प्रेमाने चिकटते. रुग्णाच्या बनियनचा एखादा तंतू कोंड्याबरोबर आला, तर तोही काचपट्टीवर दिव्यासारखा उजळतो आणि नवशिका तंत्रज्ञ आनंदाने 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळा होतो. अशा वेळी त्याला परत बसवून धाग्यातले आडवे पडदे मोजायला लावावे लागतात. बनियनला ते नसतात.