एकच विंडोज, दोन स्टार्ट मेनू

दिवाळी होऊन गेल्यावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, भाच्याचा फोन आला. "मामा, मित्राच्या लॅपटॉपवर नवा स्टार्ट मेनू आलाय. सगळी ॲप एकाच पानावर, नुसतं खाली सरकवत जायचं. माझ्याकडे नाहीच. अपडेट तर आम्ही दोघांनी एकाच दिवशी केलं." मी म्हटलं, विंडोजची कळ आणि आर एकत्र दाब आणि 'विनव्हर' टाइप कर. मित्रालाही तेच करायला सांग. दोघांच्या पडद्यावर बिल्डचा, म्हणजे विंडोजची नेमकी आवृत्ती सांगणारा, आकडा उमटला, शेवटच्या अंकापर्यंत सारखा. तरीही मेनू वेगळे.

नवा मेनू भाच्याच्या लॅपटॉपवरही येऊन पडला होता, फक्त बंद होता. आजकाल नव्या सोयीचा कोड अपडेटबरोबर सगळ्यांकडे जातो आणि त्याला एक खटका लावलेला असतो. तो खटका मायक्रोसॉफ्ट दुरून, थोड्याथोड्या संगणकांवर चालू करते. विंडोज ११ची २५एच२ ही आवृत्ती २४एच२ असलेल्यांच्या संगणकावर छोट्याशा पॅकेजने आली, त्याचंही कारण हेच. बहुतेक माल आधीच घरात होता, पॅकेजने फक्त खटके दाबले.

हा उशीर मुद्दाम केलेला असतो. शेतकरी नवं खत आधी एका वाफ्याला घालून बघतो, शेजारचा वाफा तसाच ठेवतो. बी तेच, माती तीच, पाणी तेच, मग जो फरक दिसेल तो खताचा. इथेही तसंच. संगणकांकडून येणाऱ्या आकड्यांवरून कुठे ॲप अडकतात, कुठे संगणक पुन्हापुन्हा सुरू करावा लागतो हे पाहायचं आणि बिघाड दिसला तर खटका परत बंद करायचा.

ही वेळ येण्याआधी सोय इनसायडर मंडळींच्या, म्हणजे नवं विंडोज आधी वापरून पाहणाऱ्या हौशी लोकांच्या, हातून गेलेली असते. १ ऑक्टोबर २०१४ला विंडोज १०ची पहिली चाचणी आवृत्ती निघाली, तेव्हापासून कोणालाही या चाचणीत भाग घेता येतो. २०२३ मध्ये कॅनरी हे चॅनेल आलं आणि चार पायऱ्या झाल्या: कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रिव्ह्यू. कॅनरीत सगळ्यात कच्चा माल, रिलीज प्रिव्ह्यूत जवळजवळ तयार.

इतकी माणसं कशाला लागतात, हे एका हिशोबावरून कळतं. समजा एखादी चूक दर १०,००० संगणकांमागे एकालाच बाधते. ती १०,००० जणांना तपासायला दिली, तर कोणालाच न दिसण्याची शक्यता तब्बल ३७ टक्के उरते. ३०,००० जणांना दिली की ती ५ टक्क्यांवर येते. म्हणजे दुर्मीळ चूक पकडायची तर माणसं भरपूर हवीत, आणि तऱ्हेतऱ्हेची हवीत.

हा १०,०००त एकचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. २ ऑक्टोबर २०१८ला विंडोज १०चं १८०९ हे अपडेट निघालं आणि काही जणांच्या फायली गायब झाल्या. चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. फायली गेल्याच्या तक्रारींचं प्रमाण तिने ०.०१ टक्के सांगितलं, म्हणजे बरोबर १०,०००त एक. फटका बसला तो डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर मूळ जागेवरून दुसरीकडे, समजा सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर, हलवलेल्यांना. आपल्याकडे किती जणांनी हे केलेलं असतं! सी फॉरमॅट करावा लागला तरी डी वाचेल, म्हणून. आधीच्या अपडेटमध्ये अशा लोकांच्या संगणकावर त्याच नावाचे रिकामे फोल्डर तयार होत होते. लोकांनी तक्रार केली, म्हणून ते रिकामे फोल्डर काढून टाकणारा कोड १८०९ मध्ये घातला गेला. त्या कोडने जुन्या जागेवरचे मूळ फोल्डरही काढले, आत फायली मागे राहिलेले.

मला सर्वात जास्त लागतं ते पुढचं. इनसायडर लाखांनी होते, त्यामुळे वरच्या हिशोबाने ही चूक कोणाला तरी दिसायलाच हवी होती. आणि ती दिसलीही होती! अपडेट निघण्याआधीच फायली गेल्याच्या तक्रारी फीडबॅक हब या तक्रारी नोंदवायच्या ॲपमध्ये पडून होत्या. पण तिथे तक्रार वर येते ती पाठिंब्याच्या मतांवर, आणि १०,०००त एकाला होणाऱ्या दुखण्याला मतं देणार कोण? आयकॉनचा रंग आवडला नाही याला शेकडो मतं मिळू शकतात. आयुष्यभराचे फोटो गेले याला दोन. चाळणीने खडा पकडला होता, तो उचलायला कोणाचा हात पोहोचला नाही. नंतर तक्रार करताना ती किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय झाली. अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा निघालं.

याउलट रिकॉलची गोष्ट. पडद्याची सतत छायाचित्रं घेऊन ठेवणारी ही सोय मे २०२४ मध्ये जाहीर झाली आणि जूनमध्ये नव्या कोपायलट प्लस संगणकांबरोबर थेट लोकांच्या हाती पडणार होती. सुरक्षा अभ्यासकांनी दाखवून दिलं की टिपलेला मजकूर संगणकावरच सहज वाचता येईल अशा डेटाबेसमध्ये साठतो. मग ती मागे घेतली गेली. नोव्हेंबरमध्ये इनसायडरांकडे आली तेव्हा डेटा कुलूपबंद होता, उघडायला विंडोज हॅलोने ओळख पटवणं भाग होतं आणि आपण होऊन चालू केल्याशिवाय ती सुरू होत नव्हती. कोपायलट प्लस संगणकांवर ती एप्रिल २०२५ पासून इनसायडर नसलेल्यांनाही मिळू लागली. इतकी खासगी गोष्ट हाताळणारी सोय आधी चाचणीला न देण्याचा विचार कोणी करावा, हेच मला पटत नाही.

काही सोयी चाचणीतच संपतात. वेगवेगळी ॲप एका खिडकीत टॅबसारखी लावणारी 'सेट्स' काही इनसायडरांनी वापरली, बाकी जगापर्यंत ती पोहोचलीच नाही. आणि काही अशा तरून येतात की त्यांचा प्रवास आपण विसरून जातो. रोमन अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटवणारा विंडोजचा फोनेटिक कीबोर्ड २०१८च्या अखेरीस इनसायडरांकडे होता आणि २०१९ मध्ये, दहा भारतीय भाषांसाठी, सगळ्यांना मिळाला. हा लेख मी त्यावरच लिहितो आहे.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग मी होऊ का इनसायडर?" मी म्हटलं, कॉलेजचा प्रोजेक्ट असलेल्या लॅपटॉपवर अजिबात नको. कॅनरीतून परत यायचं तर विंडोज नव्याने टाकावं लागतं. जुना लॅपटॉप घे, रिलीज प्रिव्ह्यूपासून सुरुवात कर, आणि आधी बॅकअप.

"बॅकअपची काळजी नको," तो म्हणाला, "माझे डॉक्युमेंट्स मी कधीच डीवर हलवलेत."

म्हटलं, मग तर तू तिथे हवासच. पण बॅकअप घे.