सुपरचार्जरच्या इंटरकूलरची पाणीजोडणी

सुपरचार्जर असलेल्या मोटारीत दाबून तापलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी थंड करण्यासाठी पाण्याचे एक वेगळे, बंद वर्तुळ बसवतात. त्या वर्तुळाची मांडणी आणि नळ्यांची जोडणी हा या नोंदीचा विषय आहे. वर्तुळात मुख्यतः चार वस्तू असतात : हवेच्या वाटेत बसणारा इंटरकूलरचा गाभा, बंपरमागचा पातळ रेडिएटर, विजेवर चालणारा पंप आणि पाण्याची बाटली. इंजिनाच्या मुख्य कूलंटपासून हे पाणी सहसा वेगळे ठेवतात. मुख्य कूलंट 90 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याने हवा थंड करायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. म्हणूनच या वर्तुळाला कमी तापमानाचे वर्तुळ असेही म्हणतात.

सुपरचार्जर हा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा कॉम्प्रेसर. हवा दाबली की ती तापतेच आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता जितकी कमी तितकी जास्त तापते. बाहेर 35 अंश असताना हवा दीडपट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा 95 ते 100 अंशांपर्यंत जाते. अशा हवेने सिलिंडरमध्ये नॉकिंग, म्हणजे इंधनमिश्रण आपोआप भडकून ठोके बसणे, सुरू होण्याची भीती असते. त्यामुळे इंजिनाचा संगणक स्पार्क उशिरा देऊ लागतो आणि ज्या ताकदीसाठी सुपरचार्जर बसवला तीच कमी होते. हीच हवा 50 अंशांवर आणली तर त्याच दाबाला तिची घनता सुमारे 15 टक्क्यांनी वाढते.

हे काम थेट वाऱ्यानेही करता येते. 2006 पर्यंत बनलेल्या पहिल्या पिढीच्या मिनी कूपर एस गाडीत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर होता आणि बॉनेटवरच्या खाचेतून त्याला वारा मिळे. यात पंप नाही की पाणी नाही, त्यामुळे बिघडायलाही फारसे काही नाही. पण गाडी सिग्नलला थांबली की खालच्या इंजिनाची धग त्याच इंटरकूलरमध्ये मुरते. सेंट्रिफ्युगल जातीचा (वेगाने फिरणाऱ्या पंख्याने हवा बाहेर फेकून दाबणारा) सुपरचार्जर पुढे एका बाजूला बसतो, त्यामुळे त्याची हवा पाइपाने बंपरपर्यंत नेऊन परत आणता येते. रूट्स आणि जुळ्या स्क्रूच्या जातीचे (दोन रोटर एकमेकांत फिरून हवा ढकलणारे) सुपरचार्जर मात्र बहुधा थेट इनटेक मॅनिफोल्डवर बसतात. व्ही इंजिनात तर सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या दरीत. तिथून हवा बाहेर काढून पुन्हा आत आणायला जागा नसते. गाभाच सुपरचार्जरच्या पोटात बसवायचा आणि त्याची उष्णता पाण्याने बाहेर न्यायची, एवढाच मार्ग उरतो. टाटा मोटर्सकडे 2008 मध्ये आलेल्या जग्वार लँड रोव्हरचे 5.0 लिटरचे सुपरचार्ज्ड व्ही-8 इंजिन आणि ऑडीचे 3.0 टीएफएसआय इंजिन ही याची ठळक उदाहरणे. दोन्हींत ईटन कंपनीचा सुपरचार्जर आणि पाण्याने थंड होणारे दोन-दोन गाभे आहेत.

ही कल्पना मोटारींत येण्याआधीपासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या रोल्स-रॉइस मर्लिन या विमानाच्या इंजिनाच्या 60 मालिकेत दोन टप्प्यांचा सुपरचार्जर होता आणि त्यातली हवा थंड करायला द्रवाचे निराळे वर्तुळ होते. 1942 मध्ये लढाईत उतरलेल्या स्पिटफायर मार्क 9 विमानाच्या एका पंखाखाली त्यासाठी वेगळा रेडिएटरही होता.

पाण्याची वाट

सर्वमान्य क्रम असा : बाटलीतून पंपाकडे, पंपातून पुढच्या रेडिएटरला, रेडिएटरमधून गाभ्याला आणि गाभ्यातून परत बाटलीत. यात दोन गोष्टींना पर्याय नाही. रेडिएटरमधून निवालेले पाणी सरळ गाभ्यात गेले पाहिजे आणि पंपाच्या तोंडाशी पाणी आपोआप उतरले पाहिजे. पंप रेडिएटरच्या अलीकडे असावा की पलीकडे, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पण पंपाची स्वतःची उष्णता काही दहा वॉटची, आणि गाभ्यातून येणारी दहा-पंधरा किलोवॉटची. पंपाची जागा ठरते ती उंचीवरून. तो वर्तुळातल्या सर्वांत खालच्या ठिकाणाजवळ आणि बाटलीच्या खाली हवा. हे सेंट्रिफ्युगल पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत. विहिरीवरची मोटर आधी पाणी भरल्याशिवाय उचलत नाही, तसेच इथेही. पंखा हवेत फिरत राहिला तर पाणी तर जात नाहीच, शिवाय पंपाचे सील आणि बेअरिंगही लवकर जाते.

बाटलीचे झाकण वर्तुळातल्या सर्वांत उंच बिंदूला असावे. कित्येक गाड्यांत मात्र सुपरचार्जरमधला गाभाच सर्वांत उंच असतो. मग गाभ्याच्या वरच्या टोकापासून बाटलीपर्यंत एक बारीक नळी काढतात, म्हणजे अडकलेली हवा तिथून सुटत राहते. गाभ्याला पाणी खालून देऊन वरून काढावे, हाही त्याचाच भाग. व्ही इंजिनात दोन गाभे असतील तर ते समांतर जोडलेले बरे. एकापाठोपाठ जोडले की दुसऱ्या गाभ्याला आधीच कोमट झालेले पाणी मिळते आणि त्या बाजूचे सिलिंडर गरम हवेवर चालतात.

पुढचा रेडिएटर बहुतेक वेळा एसीच्या कंडेन्सरच्याही पुढे बसतो, कारण सर्वांत थंड वारा त्यालाच लागतो. त्याच्या कडेने वारा निसटू नये म्हणून फटी फोम किंवा रबराच्या पट्टीने बंद करतात. हे काम फुकटात होते आणि बहुतेक जण ते विसरतात.

नळ्या, क्लिपा आणि पंप

साधारण 400 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरावर सेकंदाला सुमारे 0.3 किलो हवा घेते. ती 98 वरून 50 अंशांवर आणायची तर जवळपास 14 किलोवॉट उष्णता पाण्यात जाते. मिनिटाला 20 लिटर पाणी फिरत असेल तर गाभ्यातून जाताना ते 11-12 अंशांनी तापते. 8 लिटरच फिरत असेल तर 28 अंशांनी. दुसऱ्या परिस्थितीत गाभ्याचा निम्मा भाग जवळजवळ गरम पाण्यानेच भरलेला असतो. पुढे केवढाही रेडिएटर लावला तरी त्यात फरक पडत नाही. आणि तरीही गाडीवर खर्च करणारा माणूस पहिल्यांदा मोठा रेडिएटरच विकत घेतो, कारण तो बंपरच्या जाळीतून दिसतो.

कारखान्यातून येणारे छोटे पंप मोकळ्या नळीत ताशी साधारण हजार लिटर पाणी देतात. वर्तुळातला अडथळा मधे आला की आकडा बराच खाली येतो. हा अडथळा नळीपेक्षा निपल (ज्यावर होज चढवतात ते तोंड), एल्बो (वळणाचा जोड) आणि टी (तीन तोंडांचा जोड) यांत असतो. 19 मिमीच्या होजला आतून 12.5 मिमीचे निपल लावले तर तिथे वाट निम्म्याहूनही कमी उरते. काटकोनी पितळी एल्बोऐवजी वळणाचा मोल्डेड होज लावणे चांगले. साधा होज वाकवायचा असेल तर वळण इतके मोठे ठेवावे की आतल्या बाजूने तो चेपणार नाही. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या होजवर उष्णतारोधक बाही चढवतात. सिलिकॉनचा होज दिसायला देखणा आणि उष्णतेला टिकाऊ, पण त्यातून पाण्याची वाफ हळूहळू झिरपते आणि स्क्रूच्या क्लिपच्या खाचांत तो कापला जातो. त्याला आतून गुळगुळीत असलेली क्लिप लागते. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या होजला स्प्रिंगची क्लिप उत्तम. रबर गरमथंड होऊन बसले तरी ती दाब सोडत नाही.

पंपाला वीज रिले आणि फ्यूजमधून देतात. इग्निशन चालू होताच तो फिरू लागावा. इथे एक फसवा दोष संभवतो. ब्रश असलेल्या साध्या डीसी पंपाच्या तारा उलट्या लागल्या तर तो उलटा फिरतो, पण सेंट्रिफ्युगल असल्यामुळे थोडेफार पाणी त्याच दिशेला ढकलत राहतो. पंप वाजतो, बाटलीत पाणी हलताना दिसते, आणि हवा मात्र तापलेलीच.

एअर काढणे

जोडणीचा खरा कस इथे लागतो. प्रथम इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालवतात. सुरुवातीला बाटलीत परतणारे पाणी दुधासारखे फेसाळ दिसते आणि पंपाचा आवाज कर्कश असतो. परतीच्या धारेत बुडबुडे येत राहतात, पातळी खाली जाते, पाणी वाढवावे लागते. होज हाताने दाबत-सोडत गेले की अडकलेली एअर पुढे सरकते. उतारावर गाडीचे नाक वर करून उभी केली तर काम लवकर आटोपते. आवाज खाली येऊन एकसारखी घुंघुं ऐकू येऊ लागली आणि धार स्वच्छ झाली की एअर गेली असे समजायचे. गॅरेजमध्ये साधन असेल तर आधी व्हॅक्यूम करून मग पाणी भरतात. त्यात हा सगळा खटाटोप वाचतो, आणि एखादी क्लिप हवा घेत असेल तर व्हॅक्यूमचा काटा खाली येऊन तेही कळते.

पाणी डिस्टिल्डच वापरावे. बोअरचे पाणी घातले तर गाभ्याच्या बारीक वाटांत क्षार साचतात. नुसते डिस्टिल्ड वॉटरही चालत नाही, कारण ॲल्युमिनियमचा गाभा आणि पितळी निपल एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. गंजरोधक द्रव्ये असलेला कूलंट हवाच. कूलंटमधल्या ग्लायकॉलने (पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाने) पाण्याची उष्णता धरण्याची शक्ती घटते. म्हणून हिवाळ्यात पाणी गोठते अशा देशांत निम्मे-निम्मे मिश्रण घालतात, तर जिथे गोठण्याचा प्रश्न नाही तिथे ग्लायकॉलचे प्रमाण कमी ठेवणे फायद्याचे.

साठा आणि बर्फ

पाण्याच्या वर्तुळाचा एक गुण वाऱ्याच्या इंटरकूलरमध्ये तेवढा नाही. पाणी उष्णता धरून ठेवते आणि पुढचा रेडिएटर ती सवडीने बाहेर टाकतो. रस्त्यावर पूर्ण जोर काही सेकंदच लागतो. 15 किलोवॉटने 10 सेकंदांत 150 किलोज्यूल उष्णता येते, आणि वर्तुळात 5 लिटर मिश्रण असेल तर ते सुमारे 8 अंशांनी तापते. 10 लिटर असेल तर 4 अंशांनी. मोठी बाटली लावण्यामागे हाच हिशेब असतो. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र जोर सतत लागतो. तिथे साठा काही फेऱ्यांत संपतो आणि मग सगळी भिस्त पुढच्या रेडिएटरवर येते. मोठ्या बाटलीने तोटाही होतो. एकदा तापलेले जास्तीचे पाणी निवायलाही तितकाच वेळ घेते.

पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत डिकीत टाकी बसवून तिच्यात बर्फ भरतात. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल शोषून घेतो, म्हणजे वरचे 150 किलोज्यूल अर्ध्या किलोहूनही कमी बर्फात मावतात. अशा वेळी पाण्याची वाट बदलावी लागते : बर्फाचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड असल्याने पुढचा रेडिएटर ते उलट तापवतो, म्हणून त्याला वगळून पाणी टाकीतून थेट गाभ्यात नेतात. 2018 च्या डॉज चॅलेंजर डीमन गाडीत बर्फाऐवजी केबिनच्या एसीचे रेफ्रिजरंट वापरले आहे. तिथे पाणी आधी पुढच्या रेडिएटरमधून जाते, मग रेफ्रिजरंटने आणखी थंड होते आणि त्यानंतर सुपरचार्जरमध्ये शिरते. इंजिन बंद केल्यावरही तिचा पंप आणि पंखा काही काळ चालू राहू शकतो, म्हणजे दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गाभ्यात धग मुरत नाही.

दोष ओळखणे

चालवून आणलेल्या गाडीच्या पुढच्या रेडिएटरचे दोन्ही होज हाताने चाचपले तर बरेच कळते. येणारा कोमट आणि जाणारा थोडा थंड असेल तर वर्तुळ ठीक. एक चांगलाच गरम आणि दुसरा थंडगार असेल तर पाणी फार हळू फिरते आहे. दोन्ही थंड आणि इनटेक हवेचे तापमान चढलेले असेल तर पाणी फिरतच नाही : पंप बंद, फ्यूज उडालेला किंवा एअर धरलेली.

बाटलीतली पातळी दर काही आठवड्यांनी खाली जात असेल आणि गाडीखाली थेंब दिसत नसेल, तर ते हलक्यात घेऊ नये. गाभा आतून गळत असेल तर ते पाणी इनटेकमधून सिलिंडरमध्ये जाते. गाडी रात्रभर उभी राहून पुरेसे पाणी एखाद्या सिलिंडरमध्ये साचले तर सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. संशय असेल तर वर्तुळाला हातपंपाने हलका दाब देऊन काटा रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी काटा उतरलेला दिसला आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर सेल न मारता आधी स्पार्क प्लग काढून पाहावेत.