कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा स्त्रियांपुरताच का झाला?

पुरुषालाही कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागता यावी का, हा वाद आज समानतेच्या नावाने घातला जातो. कायदे झाले ते मात्र हुंड्यापायी जळणाऱ्या सुनांमुळे. १९६१चा हुंडा प्रतिबंधक कायदा कागदावरच राहिला होता. स्टोव्हचा भडका 'अपघात' म्हणून नोंदला जाई आणि साक्षीदार म्हणाल तर घरचीच माणसे. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ आले: पती आणि सासरच्यांनी केलेली क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. १९८६मध्ये हुंडाबळीचे ३०४ब आले. आता ४९८अची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली आहे.

नवऱ्याला आत टाकण्याची सोय झाली, पण रात्री घराबाहेर काढलेल्या बाईने जायचे कुठे? ही उणीव भरायला २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला. २६ ऑक्टोबर २००६पासून तो लागू आहे. त्यातले उपाय दिवाणी वळणाचे आहेत. कलम १२खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबत जातात. मारहाणीला मनाई (म्हणजे संरक्षण आदेश), राहत्या घराचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, भरपाई हे सगळे एकाच अर्जात मागता येते. संरक्षण आदेश मोडला तर मात्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अर्जदार फक्त स्त्री, आणि सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज तो, 'प्रौढ पुरुष' अशी मूळ रचना होती. यातली दुसरी अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये हिरल हरसोरा खटल्यात रद्द केली, कारण पुरुष नातेवाइकांनी सासू-नणंदांना पुढे करून सुटून जाणे सोपे झाले होते. म्हणजे एका बाजूने लिंगभेद गेला, अर्जदाराच्या बाजूने राहिला. २०१७मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पुरुषाचा अर्जही चालेल असे म्हटले, पण तो आदेश त्यांनी स्वतःच मागे घेतला. संविधानाच्या अनुच्छेद १५(३)ने स्त्रियांसाठी विशेष तरतुदींची मुभा दिली आहे. त्या आधारावर हा कायदा टिकला.

मग मार खाणाऱ्या नवऱ्याकडे काय उरते? क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. हिंदू विवाह कायद्यात ते कारण दोघांनाही खुले आहे. पोलीस ठाण्यात गेला तर साध्या दुखापतीची बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीविना होत नाही. वृद्ध वडिलांसाठी २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, पण तरुण मुलाला किंवा भावाला तातडीचा मनाई आदेश मिळावा असा सोपा रस्ता नाही. ही खरी त्रुटी आहे, आणि 'पुरुषाला कोण मारतो?' असे हसण्यावारी नेणे हा त्या माणसावर दुसरा अन्याय आहे.

तरीही अर्जदाराच्या व्याख्येतला 'स्त्री' शब्द नुसता काढून भागणार नाही. कलम १९खाली सामनेवाल्याला घराबाहेर काढता येते, पण स्त्रीला नाही, असे परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) आहे. सरसकट समानतेत तेही गेले, तर घर ज्याच्या नावावर तो आधी अर्ज करील आणि बायकोच रस्त्यावर येईल. म्हणून कलम १८चा संरक्षण आदेश सर्वांना खुला करावा आणि कलम १९चे परंतुक जसेच्या तसे ठेवावे.