दहा दिवसांचा व्यायाम आणि वाढलेला सव्वा किलो

जिम लावून दहा दिवस झाले. चहा बिनसाखरेचा झाला, लिफ्ट सोडून जिना धरला, आणि काट्यावर उभं राहिलं तर आकडा सव्वा किलोने वर! घरचे म्हणतात, ‘जिमला जातोस की खायला?’ ट्रेनर म्हणतो, ‘टेन्शन नको, मसल वाढलंय.’ घरच्यांना ही चरबी वाटते, ट्रेनरला स्नायू. हिशेब मांडला की दोघंही चुकलेले दिसतात.

आधी चरबी. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. दहा दिवसांत सव्वा किलो चरबी चढवायची, तर व्यायामात गेलेलं भरून काढून वर रोज साडेनऊशेच्या आसपास जादा कॅलरी पोटात जायला हव्यात. म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज रोज तीन वडापाव, दहा दिवस न चुकता. एवढं खाल्लेलं कुणी विसरत नाही.

स्नायूंचं काम याहूनही सावकाश चालतं. नवशिक्याने वजनं उचलली, प्रथिनं नीट खाल्ली आणि काही महिने खंड पडू दिला नाही, तर एक-दोन किलो स्नायू चढतो. दहा दिवसांत सव्वा किलो चढत नाही, ट्रेनर कितीही चांगला असला तरी. ‘स्नायू चरबीपेक्षा जड असतो’ हे वाक्यही इथे कामाचं नाही. स्नायूची घनता १.०६ च्या आसपास, चरबीची ०.९, म्हणजे तेवढ्याच वजनाचा स्नायू जागा कमी घेतो, इतकंच.

चरबी नाही, स्नायू नाही, मग उरतं पाणी. ते शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, ही गोष्ट मोठी रंजक आहे.

१९६६ साली स्टॉकहोममध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. व्यायामाची एकच सायकल घेऊन दोघे तिच्या दोन बाजूंना बसले. प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारायचं, दुसरा पाय स्वस्थ ठेवायचा, आणि थकून थांबेपर्यंत चालू ठेवायचं. मग पुढचे तीन दिवस पिष्टमय पदार्थांनी भरलेला आहार घेतला, आणि दोन्ही मांड्यांत जाड सुई घालून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झालं होतं. रक्त तेच, अन्न तेच, माणूसही तोच; पण जादा साठा झाला तो फक्त काम केलेल्या पायात.

ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या. आपण खाल्लेल्या भात-पोळीतलं जे लगेच लागत नाही, त्यातलं काही या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवलं जातं. मोठ्या माणसाच्या स्नायूंत ते साधारण ४०० ग्रॅम असतं आणि यकृतात १०० ग्रॅम. व्यायाम सुरू झाला की स्नायू हा साठा वापरतात आणि पुढच्या वेळची तजवीज म्हणून आधीपेक्षा जास्त भरून ठेवतात. मुद्दा असा, की ग्लायकोजेन कोरडं साठत नाही. एका ग्रॅममागे अंदाजे तीन ग्रॅम पाणी सोबत येतं. साठा दीडशे ग्रॅमने वाढला की काट्यावर सहाशे ग्रॅम दिसतात, आणि त्यात चरबीचा कणही नसतो.

हाच हिशेब उलटाही चालतो. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. ‘पहिल्या आठवड्यात दोन किलो कमी’ म्हणणाऱ्या जाहिरातींमागचं बरंचसं रहस्य हे एवढंच. उपवास करूनही आकडा हलला नाही म्हणणाऱ्यांनी मात्र साबुदाणा आणि बटाटा आठवावा. दोन्ही निव्वळ स्टार्च. एकादशी आणि दुप्पट खाशी!

पाण्याचा दुसरा मुक्काम म्हणजे सुजलेले स्नायू. बऱ्याच महिन्यांनी सिंहगड चढलेल्या माणसाला विचारा: चढताना दम लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. त्यात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुरुस्तीसाठी तिथे पेशी आणि द्रव गोळा होतात, स्नायू सुजतो. याचा दोष लॅक्टिक आम्लाला देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. वास्तविक व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तास-दोन तासांत पूर्वपदावर येतं, आणि दुखणं सर्वाधिक असतं ते चोवीस ते बहात्तर तासांनी. दंडाच्या स्नायूंवरच्या प्रयोगांत तर दुखणं ओसरू लागल्यावरही सूज वाढताना दिसते. त्यामुळे ‘आता दुखत नाही, तरी वजन का जास्त?’ या प्रश्नात विसंगती काहीच नाही. तोच व्यायाम पुन्हा केला की इजा कमी होते आणि सूजही.

तिसरं पाणी रक्तात. नियमित धावणं, सायकल किंवा भरभर चालणं सुरू केलं की काही दिवसांतच मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जरा जास्त राखून ठेवतात, रक्तातला द्रवभाग वाढतो. हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं, घामाची सोय होते. वाढ फार तर काहीशे मिलिलिटरची. पण लाल पेशी लगेच तेवढ्या वाढत नाहीत, म्हणून रक्त थोडं पातळ होतं आणि तपासणीत हिमोग्लोबिन किंचित कमी दिसू शकतं. यावरून कमी हिमोग्लोबिनचा प्रत्येक अहवाल व्यायामाच्या खात्यावर टाकू नये. आपल्याकडे बायकांमध्ये खरा रक्तक्षय इतका आहे की त्याची शहानिशा आधी करावी.

आता ट्रेनर दाखवतो तो छापील कागद. त्यावर ‘स्नायू: अधिक ०.९ किलो’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते यंत्र पायांतून किंवा हातांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतं आणि शरीर त्याला किती अडवतं ते मोजतं. क्षार मिसळलेल्या पाण्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून नाही. पाणी वाढलं की अडथळा घटतो आणि यंत्र ते वजन ‘चरबी सोडून उरलेलं’ या रकान्यात टाकतं. कागदावर त्याला स्नायू म्हणतात. ट्रेनर खोटं बोलत नसतो. यंत्राने सांगितलेलं वाचून दाखवत असतो. जिमवाले ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिनची पावडर सुरू केली असेल तर पहिल्या आठवड्यातच किलोभर पाणी आणखी चढू शकतं, आणि तेही याच रकान्यात जातं.

नुसत्या वजनाने आतलं काहीच कळत नाही, याचा सगळ्यात झकास दाखला पुण्याचा आहे. २००४ साली केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन सारखं, आतला ऐवज निराळा. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरली जाते. शिंप्याची टेप वजनकाट्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. घेर कमी आणि वजन जास्त असं दिसलं तर मी टेपवर विश्वास ठेवेन.

काटा फेकून द्यायची गरज नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करावं आणि आठवड्याची सरासरी पाहावी. नऊ ग्रॅम मीठ शरीरात सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवू शकतं, म्हणून लग्नाच्या जेवणानंतरचा सकाळचा आकडा मोजायचाच नाही. मासिक पाळीआधीही अनेकींचं वजन पाण्याने वाढतं. त्यांनी या महिन्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी.

हे पाणी साधारण महिना-दीड महिन्यात स्थिरावतं. दोन महिन्यांनंतरही वजन चढतंच असेल आणि पँटही घट्ट होत असेल, तर मात्र पाण्याच्या आड लपू नये. पासष्ट किलोच्या माणसाचं अर्ध्या तासाचं भरभर चालणं म्हणजे दीडशेच्या आत-बाहेर कॅलरी. परतीच्या वाटेवरचा एक वडापाव त्याच्या दुप्पट. व्यायामाने भूक वाढते आणि ‘आज चाललोय ना’ म्हणून हातही सैल सुटतो. शिवाय दमल्यामुळे उरलेला दिवस माणूस कमी हलतो.

आणि दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढून घोटे सुजले, बोटाने दाबल्यावर खळगा राहू लागला किंवा आडवं पडल्यावर धाप लागू लागली, तर ते व्यायामाचं पाणी समजू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाची तक्रार असू शकते. अति व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.