जागा न सांगणारा गिअर

नव्या मोटारीत पहिल्यांदा बसलेल्या चालकाचा डावा हात सवयीने दोन आसनांच्या मध्ये जातो आणि तिथे दांड्याऐवजी गोल चकती, बटणांची ओळ किंवा नुसताच मोबाइल ठेवण्याचा खण सापडतो. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये स्टिअरिंगमागची जाड कांडी एका दिशेला पिळली की गाडी पुढे जाते, उलट पिळली की मागे. टाटांच्या २०२० सालच्या नेक्सॉन ईव्हीत हेच काम चकती करत असे. दांड्याचे रूप आणि जागा बदलणे ही गोष्ट मात्र मुळीच नवी नाही. नवे आहे ते वेगळेच, आणि चालकाला खरा त्रास होतो तो त्याचाच.

अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस गिअरचा दांडा जमिनीवरून स्टिअरिंगच्या दांडीवर गेला, कारण त्यामुळे पुढच्या सलग आसनावर तिसरा माणूस बसू शकत असे. आपल्याकडची अ‍ॅम्बेसेडर आणि पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली फियाट याच घडणीच्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चालकाशेजारी दोघे दाटीवाटीने बसलेले असत आणि त्यांच्या गुडघ्यांना धक्का न लावता गिअर पडत असे, तो या सोयीमुळेच. हा दांडा शिकायला किचकट होता, तरी ज्या गिअरमध्ये टाकला तिथेच तो राहत असे. अंधारातही हात लावला की गाडी कशात आहे ते कळे.

स्वयंचलित गिअरपेटी आल्यावर पहिला घोळ झाला तो क्रमाचा. ओल्डस्मोबाइलच्या १९४० च्या गाड्यांत आलेल्या हायड्रामॅटिक या स्वयंचलित गिअरपेटीत रिव्हर्स हा ‘लो’ म्हणजे कमी वेगाच्या गिअरच्या शेजारी, अगदी टोकाला होता. चिखलात वा बर्फात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायला ही रचना सोयीची होती, पण ‘लो’ शोधणारा हात एक घर पुढे सरकला की चालत्या गाडीत रिव्हर्स पडण्याची भीती असे. निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे क्रम बरीच वर्षे एकाच रस्त्यावर नांदले. अखेर १९६८ पासून अमेरिकेच्या संघीय सुरक्षा नियमाने पुढचे गिअर आणि रिव्हर्स यांच्या मध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे, आणि ‘पार्क’ (गाडी जागीच अडकवून ठेवणारी स्थिती) असल्यास ते टोकाला रिव्हर्सच्या शेजारी असावे, असे ठरवून दिले. पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे) हा आज स्वाभाविक वाटणारा क्रम तेव्हा पक्का झाला.

दरम्यान बटणांचा प्रयोगही होऊन गेला होता. क्रायस्लरने १९५६ च्या गाड्यांत दिलेली बटणे १९६४ पर्यंत टिकली. फोर्ड कंपनीच्या १९५८ च्या एडसेल गाडीत तर ती स्टिअरिंगच्या मधोमध, म्हणजे हॉर्न वाजवायला हात जातो नेमक्या त्या जागी होती. आजची बटणे पाहून ‘काय हे नवे खूळ’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की हे खूळ त्यांच्या आजोबांच्या काळातले आहे.

खरा सांधा बदलला तो दांडा आणि गिअरपेटी यांच्यामधली तार वा सळई जाऊन तिथे विजेचा संकेत आला तेव्हा. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सेव्हन सीरीजमध्ये आणि टोयोटाने २००३ च्या प्रियसमध्ये असे दांडे दिले, जे ढकलून सोडले की मधल्या जागी परत येतात. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे आता हाताला कळत नाही, ते डोळ्यांनी पडद्यावर वाचावे लागते. दांडा पूर्वी आज्ञाही देत असे आणि खूणही सांगत असे. त्यातले दुसरे काम त्याने सोडून दिले.

याची किंमत मोजावी लागली. अशाच दांड्याच्या गाड्यांतून चालक ‘पार्क’ पडले आहे असे समजून उतरत आणि गाडी घरंगळत जाई. त्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने जगभरातील सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी १९ जूनला लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता अँटन येल्चिन आपल्याच घराच्या उतारावर आपल्याच जीपखाली सापडून मरण पावला. ती जीप परत बोलावलेल्या गाड्यांपैकी होती. उपाय म्हणून संगणकप्रणाली बदलून, चालक दार उघडून उतरू लागला की गाडी आपोआप ‘पार्क’मध्ये जाईल अशी सोय करण्यात आली. पुढे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत अशी सोय दिसू लागली.

भारतातील चालकाची अडचण आणखी दोन कारणांनी वाढते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून क्लचचे पेडल नसलेला एएमटी गिअर (हातगिअरचीच पेटी, पण क्लच आणि गिअर यंत्र आपोआप बदलते) सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला, पण त्यात ‘पार्क’ नाहीच. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा, ही हातगिअरचीच सवय तिथे चालून जाते. अशा गाडीवरून थेट चकतीवर वा बटणांवर आलेल्या माणसाला ‘पी’ ही वेगळी कृती आहे हेच नव्याने शिकावे लागते. दुसरे कारण इंडिकेटरचे. आपल्या बहुतेक गाड्यांत तो उजव्या हाताला असतो, तर चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीजच्या अनेक गाड्यांत इंडिकेटर डावीकडे आणि उजवीकडे चक्क गिअरची कांडी असते. वळणावर सवयीने उजवा हात गेला तर दिवा लुकलुकण्याऐवजी गाडी न्यूट्रलमध्ये जाऊ शकते.

विजेच्या गाडीत तर बदलायला गिअर फारसे उरलेलेच नाहीत. मोटर उलट फिरली की रिव्हर्स. त्यामुळे टेस्लाने २०२१ च्या मॉडेल एसमध्ये कांडीही काढून टाकून पडद्यावर बोट सरकवण्यावर काम भागवले. तरीही त्या पडद्यावर अक्षरे तीच आहेत: पी, आर, एन आणि डी.