बोंबलाचा वास आणि आठ किलोमीटर पाणी

नागपुरात समुद्राची मासळी घरी आणली की जिन्यातच शेजाऱ्यांना कळतं. परवा मंगळवारी बाजारातून सुके बोंबील घेतले. विकणाऱ्या मावशींना सहज म्हटलं, "रोहूला एवढा वास नाही येत, मावशी." त्या म्हणाल्या, "रोहू तळ्यातला हाय न भाऊ. हा समुद्रातला. वास येईनच."

अर्धं रसायनशास्त्र त्यांनी तिथेच सांगून टाकलं. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथाइल अमाईन ऑक्साइड, थोडक्यात टीएमएओ, नावाचा पदार्थ असतो. रोहू-कतल्यात तो नावापुरताच. मासा मेला की जिवाणू त्यातून ट्रायमिथाइल अमाईन तयार करतात, आणि मासळीच्या वासात त्याचाच मोठा वाटा. आपण लिंबू किंवा चिंचेचा कोळ चोळतो, तेव्हा आंबटपणामुळे त्याचा क्षार बनतो. क्षार हवेत उडत नाही. म्हणजे वास जात नाही, तो कालवणातच दबा धरून बसतो!

याच नाक मुरडायला लावणाऱ्या पदार्थावर खोल समुद्रातल्या माशांचा जीव तगून आहे.

समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. 8,000 मीटरवर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण 800 किलो भार. मग मासा चेपत कसा नाही? पाण्याची रिकामी बाटली बूच लावून मुठीत दाबा, लगेच चेपते. काठोकाठ भरलेली दाबून बघा. दाबाखाली चेपते ती हवा. तिथे राहणाऱ्या स्नेलफिश नावाच्या माशाच्या पोटात हवेची पिशवीच नसते, अंग लिबलिबीत, हाडंही मऊ. आपल्याला मात्र श्वासासाठी हवा सोबत न्यावी लागते, म्हणून 6,000 मीटरवर जायच्या भारताच्या 'मत्स्य 6000' पाणबुडीला 80 मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोळा लागतो.

खरी गोची प्रथिनांत आहे. प्रथिनं विशिष्ट घड्या घालून बसलेली असतात आणि काम करताना आकार बदलतात. प्रचंड दाबाखाली पाणी त्या घड्यांत घुसतं, आणि सगळं ठप्प. टीएमएओ पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे धरून ठेवतो, प्रथिनांत शिरू देत नाही. मासा जितका खोल राहणारा, तितका त्याच्या अंगात टीएमएओ जास्त.

पेशींच्या आवरणाचाही प्रश्न असतोच. थंडी आणि दाब मिळून त्यातली चरबी घट्ट करतात. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल बाटलीत थिजतं, शेजारचं जवसाचं तेल मात्र धारेनं पडतं. खोलातले जीव आवरणात जवसाच्या जातीची चरबी जास्त ठेवतात.

पण टीएमएओ वाढवत नेण्याला मर्यादा आहे. बहुतेक माशांचं रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा बरंच अळणी असतं. टीएमएओही मिठासारखाच पाण्यात विरघळलेला, त्यामुळे तो भरत गेला की ही तफावत कमी होते आणि एका खोलीवर संपते. त्याखाली बाहेरचं पाणीच अंगात शिरू लागेल. जीवशास्त्रज्ञ पॉल यान्सी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ही हद्द साधारण 8,200 मीटरच्या आसपास काढली. 2022 मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत, म्हणजे समुद्रतळाच्या खोल घळीत, कॅमेऱ्यानं स्नेलफिश टिपला, 8,336 मीटरवर. कागदावरचं गणित इतकं जवळ येणं जीवशास्त्रात क्वचितच घडतं.

त्याहून खाली, प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास 10,900 मीटरवर, झिंग्यांचे दूरचे भाऊबंद सुखानं राहतात. त्यांच्या अंगातलं पाणी मुळातच समुद्राइतकं खारं, त्यामुळे ही अडचण त्यांना नाही. 1960 मध्ये त्या तळाशी पोचलेल्या जॅक पिकार्ड यांनी खिडकीतून चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं होतं. आज बहुतेक अभ्यासक म्हणतात, ती समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा मऊ समुद्री प्राणी, असावी.